शेवटचा हात

सीबीडी बेलापूर ही मुख्यतः कचेऱ्यांची वस्ती. कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचे मुख्यालय आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेली असंख्य खाजगी दप्तरे यांत रुजू होणाऱ्या स्त्रीच्या हातांना सकाळी कणीक, हळद आणि भांडी, दिवसा कळफलक आणि फायलींच्या नाड्या, संध्याकाळी लोकलची दांडी असे सोपस्कार एकामागून एक करावे लागत असल्यामुळे, रविवारी हौसेने लावलेल्या नेलपेंटचा मंगळवारी टवका उडाला, तर आपण त्या बिचाऱ्या रंगाला बोल लावतो. वस्तुतः तक्रार बहुधा त्यावर दिलेल्या, अथवा आळसाने न दिलेल्या, टॉप कोटविषयी असावयास हवी. रंगाची छटा निवडताना दुकानदाराला अर्धा तास खोळंबवणारी मंडळी टॉप कोट मात्र ‘कुठलेही ट्रान्सपरंट द्या’ एवढ्या मामुली हुकमावर घेऊन मोकळी होतात. माझ्या मते अधिक चिकित्सा येथेच करावी, आणि तीही बाटलीवरील चकाकीच्या आश्वासनापेक्षा आपल्या गावाची हवा व आपल्या हातांची कामे ध्यानात घेऊन.

प्रत्येक पारदर्शक बाटली टॉप कोट नसते. बेस कोटचे कार्य नखाला घट्ट धरण्याचे, म्हणून त्यात चिकट राळेचे प्रमाण अधिक. टॉप कोटचे कार्य घर्षण सोसण्याचे, म्हणून त्याचा पापुद्रा कठीण व तकतकीत होईल अशी योजना असते. दोहोंचा पाया बहुधा नायट्रोसेल्युलोज हाच. इथिल आणि ब्युटिल ॲसिटेट या द्रावकांत तो विरघळलेला असतो, द्रावक उडून गेले की मागे पातळ पटल उरते, आणि ते ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात मार्दव आणणारी द्रव्ये घातलेली असतात. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर उतरला, तिचे मूळ द्रव्यही याच जातीचे होते. अशाच नायट्रेट फितींचा पुण्यातील मोठा साठा २००३ साली आगीत भस्मसात झाला. फितीइतकी दाहकता बाटलीतल्या पातळ द्रावणात नसली, तरी त्यातील द्रावक सहज पेट घेतात, तेव्हा ओट्यापाशी, गॅस चालू असताना, नखे रंगवीत बसू नये.

आता हवेचा विचार. एका बाजूस पारसिकची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस खाडी यांच्या कचाट्यात सापडलेल्या बेलापुरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ‘झटपट वाळणारा’ म्हणून मुद्दाम आणलेला टॉप कोट कधी कधी नखावर दुधाळ, धुरकट दिसू लागतो. द्रावक जितक्या वेगाने उडतो तितका तो पापुद्रा थंड पडतो, आणि थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प जमून ते वाळत्या पटलात अडकते. पावसाळी सकाळी स्टीलच्या गार तांब्यावर दव धरते तसाच हा प्रकार. त्यावर पंखा भरधाव सोडणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे होय. शिवाय अतिशीघ्र वाळणारा थर आकसताना खालच्या ओल्या रंगालाही मागे ओढतो, आणि नखाच्या टोकाशी रंगहीन रेघ उघडी पडते. पावसाळ्यात सावकाश वाळणारा साधा टॉप कोट घ्यावा, पंखा मंद ठेवावा, आणि झटपट प्रकार कोरड्या हिवाळ्यासाठी अथवा वातानुकूलित खोलीसाठी राखून ठेवावा, अशी माझी शिफारस आहे.

पाण्याचा उपद्रव याहून मोठा. नख पाणी शोषून फुगते व वाळताना पुन्हा आकसते. वरचा थर ताठर असेल तर तो या हालचालीस साथ देत नाही आणि टोकापासून सुटू लागतो. म्हणून भांडी घासणाऱ्या हातांना काचेसारखा जाड थर निरुपयोगी. ब्रश बाटलीच्या काठावर निथळून एक पातळ हात द्यावा, आणि शेवटी ब्रशचे टोक नखाच्या उघड्या कडेवरून, अगदी तिच्या जाडीवरून, आडवे फिरवावे. टवका सुरू होतो तो तिथूनच. दोनेक दिवसांनी आणखी एक पातळ हात दिला की आठवडा सहज निभतो.

फिकट रंगांना भीती पिवळेपणाची. नायट्रोसेल्युलोज कालांतराने स्वतःच पिवळसर होते. त्यात हळदीची भर. हळदीतील रंगद्रव्य तेलात व अल्कोहोलात सहज विरघळते, म्हणून फोडणीचे तेल लागलेली बोटे हा त्याचा राजमार्ग. घटकद्रव्यांच्या यादीत सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट हे लांबलचक नाव आढळले तर ते शुभचिन्ह समजावे, कारण हा पदार्थ पिवळेपणाला फारशी दाद देत नाही. बेंझोफिनोनसारखे ऊन शोषणारे द्रव्यही असल्यास उत्तम. बाटलीवरील ‘थ्री फ्री’ या छापाचा अर्थ टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट यांचा अभाव, एवढाच. यांपैकी शेवटच्या द्रव्याला युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत मनाई केलेली आहे. त्या छापाने टिकाऊपणाची मात्र खातरजमा होत नाही. ज्या बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक व मुदत यांचा मागमूस नाही, ती स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

दिव्याखाली घट्ट होणारा जेल टॉप कोट हा वेगळाच कारभार. त्यातील ॲक्रिलेट द्रव्ये कच्ची राहून त्वचेला लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते; त्यातील टीपीओ नावाच्या एका द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. घरगुती हौसेसाठी हा उपद्व्याप मला अनाठायी वाटतो.

साध्या टॉप कोटची बाटली मात्र लहान घ्यावी. झाकण उघडझाप करता करता द्रावक उडतो, द्रव दाट होतो आणि ब्रशवरून थेंब न पडता तार सुटू लागते. अशा वेळी रिमूव्हर ओतण्याचा मोह होतो. पण त्यातील ॲसिटोन फार लवकर उडतो आणि दमट हवेत तोच दुधाळपणा पुन्हा ओढवून आणतो. नेलपेंटचे थिनर मिळाले तर त्याचे दोन-तीन थेंब घालावेत, नाहीतर सरळ नवी बाटली आणावी.