ब्रेकांतलें पाणी

पावसाळा लागला कीं आमच्या सोनिवलींत चिखलानें माखलेल्या मोटारी दारोदार उभ्या दिसूं लागतात. बदलापूर पश्चिमेकडील या गांवास उल्हास नदीचा शेजार. ती नदी काय करूं शकते, हें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसनें साऱ्या महाराष्ट्रास दाखविलें. तथापि तरुणांस तेंच पाणी खुणावतें. कोंडेश्वराकडे म्हणा, बारवीच्या बाजूस म्हणा, ओढ्यांतून गाडी घालण्याचा त्यांस मोठा छंद. त्या छंदास माझा विरोध नाहीं. परंतु आपल्या गाडीचा ब्रेक कधीं उघडून पाहिला आहे काय, असें विचारलें तर उत्तर बहुधा मौनाचेंच मिळतें.

गेल्या वर्षीं माझा पुतण्या आपल्या चारहि चाकें ओढणाऱ्या गाडींतून सहकुटुंब जुन्नरहून परत येत होता. माळशेज घाट उतरतांना सारा वेळ त्याचा पाय ब्रेकवर. खालच्या एका वळणावर पेडल सरळ तळाला गेलें आणि गाडी थांबेना. त्यानें प्रसंगावधान राखून खालचा गियर टाकला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगाला नेऊन टेकविली. मागच्या बाकावर तीन वर्षांची मुलगी झोपली होती. अर्ध्या तासानें पाहतो तों ब्रेक पूर्ववत् लागतो! "काका, कांहींच बिघडलेलें नव्हतें," असें तो मला सांगूं लागला. मला तेंच अधिक भयंकर वाटलें.

आधुनिक मोटारीचा ब्रेक द्रवाच्या जोरावर लागतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्काल या फ्रेंच पंडिताचा नियम आपण शाळेंत घोकलेला असतो. द्रव दबत नाहीं म्हणूनच हें साधतें. वायु मात्र दबतो. आतां ज्यास आपण ब्रेक-ऑइल म्हणतों तें वस्तुतः तेल नव्हेच. तो ग्लायकॉल जातीचा द्रव असून जलग्राही आहे. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झांकणांतून हवेंतील ओलावा तो वर्षानुवर्षें पीत राहतो, आणि कोंकणच्या हवेंत ओलाव्यास काय तोटा! 'डॉट ४' प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा नियम आहे. त्यांत साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मिसळलें कीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटांत सतत पाय ठेवल्यानें चाकाशीं उष्णता सांचते, आंतला ओला द्रव उकळतो, आणि पेडल दाबलें तरी नुसती वाफच दबते. थंड झालें कीं वाफेचें पुन्हां पाणी, चोर पसार.

टाकी उघडून पाहिली तों आंतला द्रव काळ्या चहासारखा. केवळ रंगावरून निर्णय करूं नये हें खरें. पण ज्या कारखान्याच्या बिलांत तीनच महिन्यांपूर्वीं द्रव बदलल्याचे पैसे लावले होते, त्या बिलाकडे मी बराच वेळ पाहत राहिलों. तेव्हांपासून हें काम आमच्या अंगणांत होतें.

काम अवघड नाहीं, पण धसमुसळेपणाचें नव्हे. गाडी सपाट जागीं उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांस दोन्हीकडून लांकडी ठोकळे लावावे. मागचा ड्रम काढावयाचा तर हातब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळ्यांवांचून चालत नाहीं. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं कोणीहि शिरूं नये; लोखंडी स्टँड हवाच. महिंद्रांच्या थारसारख्या गाडींत पुढें डिस्क आणि मागें ड्रम असतात. पुढचें पॅड तीन मिलिमीटरांच्या आसपास आलें कीं बदलावें. डिस्क किती झिजूं द्यावी तो आंकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. खरा उकिरडा मागच्या ड्रममध्यें. तेथें शिरलेला चिखल वाळून कानसेप्रमाणें लायनर खातो. तो फुंकर मारून वा हवेच्या झोतानें उडवूं नये, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व ती धूळ फुप्फुसांस घातक आहे. पाण्यानें भिजवून धुवावा.

द्रव बदलण्यास दोन माणसें लागतात. आमच्याकडे सूनबाई पेडलवर, पुतण्या चाकाशीं, आणि मी टाकीपाशीं पहारेकरी. मुख्य सिलिंडरपासून सर्वांत लांबचें चाक प्रथम घ्यावें. आपल्याकडील गाड्यांत तें बहुधा मागचें डावें असतें. गाडीच्या पुस्तिकेंत निराळा क्रम असल्यास तोच प्रमाण. निपलला पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतल्या द्रवांत बुडवावें. सूनबाई "दाबलं" म्हणतात, पुतण्या निपल सोडतो, बुडबुडे येतात, तो निपल आवळतो, आणि "सोडा" म्हटल्यावरच पाय वर येतो. हा क्रम चुकला कीं बाहेरची हवा आंत ओढली जाते. टाकी रिती होऊं दिली तरी तेंच. एकदां माझें लक्ष वर्तमानपत्रांत गेलें आणि सारें काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागलें. टाकींत चुकूनहि इंजिनाचें तेल घालूं नये, त्यानें रबर फुगतें. रंगावर थेंब पडला तर तत्काळ पाण्यानें धुवावा. ए.बी.एस. असलेल्या गाडीच्या झडपांत हवा अडकली तर मात्र कारखान्याचें यंत्र लागतें. तेथें घरगुती हट्ट नको.

दर दोन वर्षांनीं एवढें केलें म्हणजे पुरे. ओढ्यांतून बाहेर पडल्यावर कांहीं अंतर हळू चालवीत ब्रेक हलकेच दाबावा, म्हणजे तो वाळतो, आणि घरीं आल्यावर त्याच संध्याकाळीं चाकें आंतून धुवावीं. घाट उतरतांना खालच्या गियरचा उपयोग करावा, हें पुतण्यास आतां सांगावें लागत नाहीं.

यंदा काढलेला जुना द्रव बाटलींत भरून ठेवला होता. "आजोबा, हा काढा कोणाला?" असें ती धाकटी विचारूं लागली. हा द्रव चवीला गोडसर पण विषारी असतो. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ती तत्काळ कुलपांत ठेविली.