गावाने घेतलेला पब

देशीपासून स्कॉचपर्यंत आणि ताडीपासून बिअरपर्यंत सगळ्याला मराठीत 'दारू' हा एकच शब्द पुरतो. पिण्याच्या जागेचंही तसंच. गुत्ता, नाहीतर परमिट रूम. काळ्या काचा, मंद दिवे आणि ओळखीचं कुणी दिसलंच तर तोंड फिरवून बसण्याची सोय. हे चित्र डोक्यात घेऊन इंग्लंडला गेलेला आपला माणूस पबच्या दारात उभा राहतो तेव्हा चांगलाच बुचकळ्यात पडतो. आत लख्ख उजेड, एका कोपऱ्यात निवृत्त मंडळी शब्दकोडं सोडवताहेत, दुसऱ्या टेबलावर एक कुटुंब जेवतंय आणि शेकोटीपाशी कुणाचं तरी कुत्रं पसरलंय. पब म्हणजे 'पब्लिक हाउस'. सार्वजनिक घर. आपल्याकडची देवळाची ओसरी आणि चहाचं हॉटेल एकत्र केलं, तर त्याची थोडी कल्पना येईल.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आमच्या पिढीतल्या मंडळींना राजवाडे आणि संग्रहालयं कुणीही दाखवतं. चांगला पब मात्र ज्याचा त्याने शोधायचा असतो, आणि त्याला थोडी विद्या लागते. पाटीवर 'फ्री हाउस' लिहिलं असेल तर आत फुकट मिळतं असा समज करून घेऊ नये. मालक एखाद्या बिअर कंपनीशी बांधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग काउंटरवर लांब दांड्याचे हातपंप आहेत का ते पाहावं. वेटरची वाट बघत बसू नये. काउंटरवर जाऊन मागायचं आणि पैसेही तिथेच द्यायचे. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आपल्याला अर्धा पुरतो, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. घेण्याआधी घोटभर चव मागितली तरी चांगल्या पबात कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

हातपंपाने वर येते ती 'रिअल एल'. या बिअरमधलं यीस्ट पिंपात जिवंत असतं आणि तळघरात तिचं आंबणं चालूच राहतं. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश. त्यामुळे बर्फगार बिअरची सवय असलेल्यांना ती पहिल्या घोटाला कोमट वाटते. दुसऱ्या घोटाला धान्याची आणि हॉप्सची चव कळू लागते. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना : पुष्कळ ठिकाणी ही बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. आधी विचारावं. आता न नितळवलेली बिअरही मिळते.

या बिअरचं मर्म मात्र वेगळंच आहे. पिंप एकदा उघडलं की ते तीनेक दिवसांत संपायला हवं, नाहीतर बिअर आंबट होते. म्हणजे चांगल्या बिअरला चांगला बनवणारा लागतो, तसंच नेमाने येणारं गिऱ्हाईकही लागतं. ज्या पबात माणसं येत नाहीत, तिथे उत्तम बिअरही नासते.

ही बिअर एकदा संपायच्या बेतात होती. १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी यीस्ट मारून, वायू भरलेली टिकाऊ बिअर सगळीकडे पोचवली. हिशेबाला सोपी आणि नासायची भीती नाही. १९७१ साली आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी एका पबात बसून याविरुद्ध संघटना काढली. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' म्हणजे 'कॅमरा' म्हणून ओळखली गेली. तिचं 'गुड बिअर गाइड' दरवर्षी निघतं. त्यातले पब स्वयंसेवक सभासद निवडतात, पैसे देऊन त्यात नाव घालता येत नाही. प्रवासात हे पुस्तक जवळ असावं. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बिअर बनवणारे दोनशेच्या आत उरले होते, आज ते दीड हजाराच्या आसपास आहेत.

बिअर वाचली. पब मात्र बंद पडताहेत. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. सुपरमार्केटात बिअर स्वस्त आणि पबवर कर जास्त. शिवाय पब चालवण्यापेक्षा त्या जागेवर फ्लॅट बांधणं किफायतशीर. तीस-पस्तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. तारण म्हणून इमारतीची किंमत भरपूर, धंदा म्हणून तिची कमाई बेताची. अशा ठिकाणी धंदाच मरतो.

या हिशेबाला उत्तर दिलं ते कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या लहानशा खेड्याने. तिथल्या 'ओल्ड क्राउन' पबमागच्या कोठारात बिअर बनायची. १९९९ साली गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ती भट्टी घेतली आणि २००३ साली पबही घेतला. पुढे २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या वस्त्यांना एक हत्यार दिलं. लोकोपयोगी म्हणून नोंदलेली जागा मालकाने विकायला काढली, तर पैसे उभे करायला लोकांना सहा महिने मिळू लागले. लंडनमधल्या नन्हेड भागातला 'आयव्ही हाउस' २०१२ मध्ये बंद पडला होता. रहिवाशांनी तो या कायद्याखाली नोंदवला, साडेतीनशेहून अधिक जणांनी भाग घेतले, उरलेली रक्कम कर्ज-अनुदानातून उभी केली आणि २०१३ मध्ये पब पुन्हा उघडला. अशा संस्थांत भाग कितीही असोत, मत एकच.

प्रवरानगरच्या महाराष्ट्राला हे नवं वाटू नये. पण आपण सहकार साखरेसाठी, दुधासाठी, कर्जासाठी वापरला. चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसायची जागा हीसुद्धा सहकाराने राखण्यासारखी मालमत्ता आहे, हे आपल्याला सुचलं नाही. आपल्या गावांतली वाचनालयं आणि तालमी ज्या गतीने ओस पडताहेत, ती पाहता ते सुचायला हवं होतं.

आता पुण्या-मुंबईतही ताजी बिअर जागेवर बनते. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या अशाच एका ठिकाणाचं नाव 'डूलाली'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ डोकं फिरलेला. तो आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून, कारण बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत असत म्हणे. बिअर आली, नावही आलं. महाग संगीत आणि महाग खुर्च्याही आल्या. म्हाताऱ्यांनी शब्दकोडं सोडवत बसावं असा कोपरा मात्र अजून आलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाकडे किंवा मुलीकडे गेलात, तर घराजवळचा पब कुणाच्या मालकीचा आहे ते विचारा. गावाचा असेल तर दुपारच्या रिकाम्या वेळी जा आणि अर्धा पाइंट घ्या. पीत नसाल तर चहा मागा, बहुतेक ठिकाणी तोही मिळतो. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपवायचं असतं आणि त्या वेळी त्यांना गिऱ्हाईक हवंच असतं.