व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते कसे घडवावे?

दारूच्या व्यसनाविषयीं आपल्या घरांतून सहसा बोललें जात नाहीं. तें पलीकडच्या आळींत असतें, आपल्याकडे नसतें, असें मानण्याची सोईस्कर रीत आहे. छत्तीस वर्षें शिक्षकाचा पेशा केलेल्या माझाहि हाच समज होता. आणि व्यसनी मनुष्य सुधारण्यास चार खडे बोल व एक शपथ पुरे, अशी माझी खात्री होती. ती खात्री एका घरावर कशी बेतली, तें आधीं सांगतों.

निवृत्तीनंतर मी कोंकणांतील मूळ गांवीं राहावयास आलों. तेथें माझा एक जुना विद्यार्थी, हातांत उत्तम कसब असलेला सुतार, सकाळपासूनच पिऊं लागला होता. मीं त्याला देवळांत नेलें, नारळावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावली आणि कृतकृत्य होऊन घरीं परतलों. त्यानें शपथ पाळली. परंतु तिसऱ्या दिवशीं त्याचे हात थरथरूं लागले, झोप उडाली, भिंतीवर विंचू दिसूं लागले व अखेर फेफरें आलें. घरचीं माणसें बाहेरची बाधा समजून अंगारे लावीत बसलीं. गांवच्या आशाताईंनीं हट्टानें रुग्णालयांत नेलें, म्हणून तो वांचला. तेथील डॉक्टर मला शांतपणें म्हणाले, "गुरुजी, वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडणें जिवावर बेतूं शकतें. ती वैद्यकीय देखरेखीखालींच सोडवावी लागते." मला पाठ असलेल्या सुभाषितांत हें कोठेंच नव्हतें.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, व्यसनमुक्तीच्या कार्याला सदिच्छा पुरत नाहीं, शिक्षण हवें. केवळ कायदाहि पुरत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ मध्यें दारूबंदी झाली. तरी २०१६ मध्यें तेथें 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू करावा लागला, व त्यांत गांवांच्या संघटनेबरोबर उपचारालाहि स्थान द्यावें लागलें.

हें शिक्षण सामान्य माणसांना देतां येतें काय? शेजारच्या गोव्यांत 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनीं तें अजमावून पाहिलें. दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत आलेल्या, हानिकारक प्रमाणांत पिणाऱ्या ३७७ पुरुषांचे त्यांनीं दोन गट केले. एकाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्याला तिच्या जोडीला साध्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या कांहीं थोड्या भेटी. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा २६, तर दुसऱ्यांतील ३६ जण त्या अवस्थेतून बाहेर पडले होते. हा वृत्तांत २०१७ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला. फरक डोळे दिपविणारा नाहीं. पण हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

त्या पद्धतींतील एक गोष्ट मला विशेष भावली. समुपदेशकांच्या संभाषणांचें ध्वनिमुद्रण करीत, तें सहकारी एकत्र बसून ऐकत व परस्परांना गुण देत. आम्हां शिक्षकांच्या पाठनिरीक्षणासारखाच हा प्रकार! माझें देवळांतील भाषण तेथें तपासलें गेलें असतें, तर मला भोपळाच मिळाला असता. कारण त्या मनुष्याला मीं एकहि प्रश्न विचारला नव्हता.

गांवांतील आशाताई, अंगणवाडीच्या बाई, शिक्षक, पुजारी या सर्वांना निदान चार गोष्टी शिकविल्या पाहिजेत. दारू तुटल्यावरचीं धोक्याचीं लक्षणें ओळखून रोग्याला तत्काळ रुग्णालयांत पोंचविणें, ही पहिली. उपदेश आवरून ऐकून घेणें, ही दुसरी. ऐकलेलें पारावर न बोलणें, ही तिसरी. लहान गांवांत हीच सर्वांत अवघड. आणि उपचारानंतर पाऊल पुन्हां घसरलें तरी तें शपथभंगाचें पाप न मानतां दुखण्याची उलट समजून पुन्हां उपचाराकडे वळविणें, ही चवथी. याबरोबरच त्याच्या पत्नीचीहि विचारपूस व्हावी, कारण तिचें ऐकणारें बहुधा कोणीच नसतें.

माझा विद्यार्थी त्यानंतर दोनदां घसरला. दुसऱ्या वेळीं तो आपण होऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, रुग्णालयांत संगतीला याल का?" आम्ही एस. टी. नें गेलों, वाटेंत मीं एकहि सुभाषित सांगितलें नाहीं. हल्लीं तो कामावर जातो. उद्यांचें मी सांगूं शकत नाहीं, परंतु दर शनिवारीं त्याच्या ओटीवर चहा घ्यावयास जातों.

वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्याच घरांत असा कोणी असेल तर तें झांकून ठेवूं नये, आणि देवापुढें शपथ घालण्यापूर्वीं त्याला डॉक्टरांकडे न्यावें.