भाकरीतील स्टार्च आणि डोळ्याचा पडदा

लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातील माकेगाव हे छोटे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे. मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्या या नेत्रतज्ज्ञास २००८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्यांच्यासारख्या डॉक्टरांच्या शिबिरांमुळे मराठवाड्यातील अनेकांना पुन्हा दृष्टी लाभली आणि त्याबरोबरच एक समजही घरोघरी रुजला. दिसेनासे झाले की ऑपरेशन करावे, पट्टी सुटली की दिसू लागते! मोतीबिंदूपुरता हा समज अगदी खरा आहे. तेथे गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायचे असते. मधुमेहाने बिघडणारा डोळा मात्र या हिशेबात बसत नाही. तेथे बिघाड भिंगात नसून त्यामागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात असतो आणि दृष्टिपटल बदलता येत नाही.

चांगल्या डोळ्याची दृष्टी योग्य चष्मा लावूनही ६/१८ पेक्षा कमी, परंतु ३/६० किंवा त्याहून बरी असेल, तर तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वीच्या व्याख्येनुसार अल्पदृष्टी म्हटले जात असे. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते, ते या व्यक्तीला ६ मीटरवर यावे लागून वाचावे लागते. असा माणूस आंधळा नसतो. अंगणात तो सहज वावरतो. पण समोरच्याचा चेहरा ओळखणे, बसची पाटी वाचणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्या हातून सुटतात. घरच्यांना वाटते, वयच झाले आता. नंबर वाढवून घेण्यासाठी चष्म्याच्या दुकानात दोन-तीन खेपा होतात आणि त्यात मोलाचे महिने निघून जातात.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की दृष्टिपटलातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, पाझरू लागतात. काही बंद पडतात. रक्त पोहोचेनासे झाले की तेथे नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या ठिसूळ असतात की डोळ्याच्या आतच रक्तस्राव होतो. या साऱ्यात भरडल्या जातात त्या चेतापेशी. दृष्टिपटल हा खरे पाहता मेंदूचाच बाहेर डोकावणारा भाग होय. त्यातील पेशींचे सुमारे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन दृष्टिमज्जा बनते व प्रतिमेचा संदेश मेंदूकडे नेते.

हाताच्या बोटाची नस कापली गेली, तर ती अनुकूल स्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते. दृष्टिमज्जा तशी वाढत नाही. असे का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळत आला. इटलीत मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाबाहेर पडावे लागलेल्या रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांनी तुरीन शहरातील आपल्या झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी चेतापेशींना वाढावयास लावणारे एक प्रथिन शोधून काढले. स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅनडात अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने १९८०च्या दशकात उंदरांच्या दृष्टिमज्जेला पायाच्या मज्जेचा तुकडा जोडून पाहिला, तेव्हा डोळ्यातील तंतू त्या तुकड्यातून वाढत गेले. म्हणजे पेशीत वाढीची क्षमता असते, भोवतालची परिस्थिती तिला अडवते. लेव्ही-मोंटालचिनींच्या त्या प्रथिनाचे थेंब २०१८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, परंतु ते बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या मज्जातंतूंसाठी. दृष्टिपटलातील मेलेल्या पेशी परत आणणारे औषध आजही डॉक्टरांच्या हाती नाही.

म्हणून सारा भर साखर चढू न देण्यावर येतो आणि येथे आपले ताट मध्ये येते. ज्वारीच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो. लातूर पॅटर्नमध्ये घडलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. अमायलोज सरळ साखळीचे, अमायलोपेक्टिन फांद्यांचे, हे तो झोपेतही सांगेल. भाकरीचा आणि या धड्याचा काय संबंध, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही. दोन्ही साखळ्या ग्लुकोजच्याच कड्यांनी बनतात. हुरड्याचा दाणा गोड लागतो, कारण त्यातील साखर अद्याप साखळीत पुरती गुंफली गेलेली नसते. दाणा पक्व झाला की हा स्टार्च घट्ट कणांत बांधला जातो आणि ज्वारीत त्याभोवती काफिरिन या प्रथिनाचे कवच असते. पाचकरसाला त्यातून वाट काढावी लागते, त्यामुळे ज्वारीचा स्टार्च तुलनेने सावकाश पचतो.

पण दाणा आपण तसाच खात नाही. ज्वारीत गव्हासारखे चिकट ग्लुटेन नसल्याने पिठात आधणाचे पाणी घालावे लागते. साधारण ७० अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची बांधणी मोडते, तेव्हा कुठे भाकरी थापता येते. बांधणी मोडली की पचन सोपे आणि साखरही लवकर चढते. भाकरी थंड झाली की काही साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात व तेवढा भाग लहान आतड्यात पचत नाही. ताकाबरोबर शिळी भाकरी खाणाऱ्या आपल्या आजीला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, इतकेच. मात्र यावरून ‘ज्वारी खा, मधुमेह पळवा’ असे सांगत फिरणे प्रस्तुत लेखकास मुळीच पटत नाही. तीन भाकरी खाल्ल्या तर तीन भाकरींचे ग्लुकोज आज ना उद्या रक्तात येणारच. धान्य बदलल्याने गोळ्या बंद करणे तर धोक्याचे.

साखर ताब्यात ठेवण्याचे फळ मात्र पुराव्याने सिद्ध झाले आहे. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या पाहणीत, इन्सुलिनवर असलेल्या आणि पडदा अद्याप निकोप असलेल्या रुग्णांत काटेकोर नियंत्रणामुळे पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. पाझर वेळीच दिसला, तर लेसर किंवा डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने उरलेली दृष्टी राखू शकतात. अडचण एवढीच की आरंभी काहीच जाणवत नाही. दुखत नाही, दिसतेही ठीक. प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाले, तर पडद्याची तपासणी त्याच वेळी आणि नंतर साधारणतः दरवर्षी करावी, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात व त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते, ऊन डोळ्यांत खुपते. तेव्हा त्या दिवशी दुचाकी घरीच ठेवावी आणि परतीसाठी कोणाला तरी बरोबर न्यावे.