कासवाच्या डोळ्यांच्या उंचीवर

गलापागोसच्या महाकाय कासवाचा फोटो काढणं तसं सोपं. दोन-अडीचशे किलोचं जनावर, पळून जाणार कुठे? तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम पाळायचा, म्हणजे २ मीटर अंतर ठेवायचं आणि फ्लॅश मारायचा नाही. बाकी निवांत बसा. मोखाड्याच्या एखाद्या खाचरात किंवा ओहोळात मऊ पाठीचं कासव भेटलं, तर गोष्ट वेगळी. ते असतं वीतभर आणि चाहूल लागली की चिखलात गडप होतं. उन्हाळा त्याने चिखलात गाडून घेऊन काढलेला असतो. पाऊस लागून पाणी भरलं की ते बाहेर पडतं. म्हणून आवणीच्या दिवसांत बांधावरून चालताना नजर खाली ठेवावी.

दिसलं की पहिला मोह होतो तो पुढे धावून मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरायचा. अशाने काय होतं ते पाहू. समजा, मोबाइल नाकापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि पाठीचा मागचा काठ ४० सेंटिमीटरवर. मागचा भाग दुप्पट लांब, म्हणून तो त्याच्या मानाने निम्माच दिसणार. फोटोत नुसतं नाकाड आणि मागे चिमुकली पाठ! महाकाय कासवाच्या बाबतीत ही गंमत मुद्दाम करतात, कारण त्याने ते अधिकच अगडबंब दिसतं. आपल्या कासवाचं सोंग होतं. शिवाय ते घाबरून मान आत घेतं, मागच्या पायांवर पोटाकडच्या झापा ओढतं, आणि आपल्या हाती लागतो चिखलातला एक गोटा.

त्यापेक्षा ३ मीटरवर थांबून ३०० मिलिमीटरची लेन्स लावावी. आता मान आणि पाठ यांचं प्रमाण डोळ्यांना दिसतं तसंच राहतं. अडचण दुसरीच येते. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ठेवलं, तरी एवढ्या अंतरावर जेमतेम ५ सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. कासव आपल्याकडे तोंड करून असेल, तर डोळा स्पष्ट आणि पाठ धूसर. म्हणून बाजूने घ्यावं. डोळा आणि पाठीचा काठ साधारण एकाच अंतरावर येतात. फोकस मात्र डोळ्यावरच. पाठ कितीही देखणी असली, तरी डोळा हुकला की फोटो गेला.

मग उंचीचा प्रश्न. उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे पाठीचा नकाशा. पोटावर झोपा, दुसरा इलाज नाही. भाताचं तूस भरलेली कापडी पिशवी बांधावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला, तर हात थरथरत नाही. माझे कोपर दरवर्षी चिखलाने माखतात आणि घरी दरवर्षी तेच ऐकावं लागतं. पण कॅमेरा खाली गेला की मागची रोपं हिरवा पडदा होतात आणि एरवी न दिसणारं नळीसारखं नाक उठून दिसतं. त्या नाकापुढे चौकटीत मोकळी जागा सोडावी. कासव कुठे निघालंय ते कळतं.

ढगाळ उजेड उत्तमच, फक्त ओल्या पाठीवर आभाळ चकाकतं. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चकाकी कमी करता येते; उजेडही घटतो, तेव्हा आयएसओ वाढवायचा. काळपट कासव काळपट चिखलात असलं की कॅमेरा उगाच सगळं उजळ करतो. एक्स्पोजर थोडं उणे करावं.

मान बाहेर यायला पंधरा मिनिटं लागतील, कधी अर्धा तास. कंटाळून उचलून बघू नये. त्याची मान लांब असते, चावा जबर, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं हे जनावर पकडणं गुन्हा आहे. फोटो टाकताना जागेचं नावही देऊ नये. मांसासाठी त्याला पकडणारे असतात. रस्त्यावर सापडलं, तर ज्या दिशेला जात होतं त्याच बाजूला सोडावं.

ते ओहोळात उतरलं, तरी लगेच उठू नका. चिखलात त्याच्या पंजांचे ठसे उमटलेले असतात. पुढची सर यायच्या आत तेही टिपून घ्या.