फिरत्या ताऱ्याची किरणे

कशेडी घाटात रात्री वळण घेणाऱ्या गाडीचा झोत समोरच्या डोंगरावर क्षणभर पडतो आणि नाहीसा होतो. दिवा मात्र अखंड पेटलेला असतो. आकाशातील स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजेच पल्सारचे, लुकलुकणे याच प्रकारचे आहे.

इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत दिवसाही दिसणारा एक ‘पाहुणा तारा’ नोंदविला. तो एका प्रचंड ताऱ्याचा अंतिम स्फोट होता. आज तेथे क्रॅब तेजोमेघ आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे २० किलोमीटर व्यासाचा, तरीही सूर्याहून जड असा न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा स्वतःभोवती फिरतो.

त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या लाखो कोटी पट प्रबळ आहे. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरला की वीज निर्माण होते. येथेही मूळ तत्त्व तेच. त्या विद्युत्बलामुळे भारित कण प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात आणि वक्र चुंबकरेषांवरून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतात. त्या किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या नव्या जोड्या जन्मतात व त्यांपासून क्ष-किरणांसह आणखी किरण निघतात. हा सर्व खर्च परिवलनाच्या ऊर्जेतून भागत असल्यामुळे तारा हळूहळू मंदावतो.

पुण्याची आयुका आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा सहभाग असलेले क्ष-किरण उपकरण २०१५ साली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहातून अवकाशात गेले. क्रॅबच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण एकाच फेऱ्यात बदलत राहते, असे त्याने २०१७ साली दाखविले. किरणे नेमकी कोठे जन्मतात, या प्रश्नाचा त्यामुळे नव्याने विचार करावा लागला.

पहिला स्पंदक १९६७ साली केंब्रिजमधील संशोधक विद्यार्थिनी जोसलिन बेल हिला आलेखावरील एका बारीक खुणेतून सापडला. १९७४ चे नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळाले. चवदार तळ्याच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांना वगळले जाणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पुढे २०१८ साली मिळालेले ३० लाख डॉलरचे पारितोषिक बेल यांनी संधीपासून दूर राहिलेल्या समूहांतील विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्रातील संशोधनासाठी देऊन टाकले.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ३० अँटेनांची दुर्बीण स्पंदकांचा वेध घेते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांना पाहता येते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या एका तुकडीचा तेथवरचा प्रवासखर्च उचलावा, अशी आमची नम्र विनंती आहे.