विश्लेषण : ‘ट्रॅक डे’ला ट्रॅक पँट का चालत नाही?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी बनतात, त्या घेणारेही येथे आहेत. फोक्सवॅगनचा चाकण कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी देशात पोलो कप ही शर्यत मालिका आली. मर्सिडीजची एएमजी जीएलसी ४३ कूपे ही स्पोर्ट्स श्रेणीतील मोटार २०२० पासून चाकणमध्ये जोडली जाऊ लागली. मात्र अशी मोटार मनासारखी पळवायची तर कोइमतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाच्या सर्किटवर जावे लागते. तेथे ‘ट्रॅक डे’ला जाताना अंगावर काय असावे, याचा आढावा…

ट्रॅक डे म्हणजे शर्यत का?

नाही. ठरावीक शुल्क भरून, स्वतःची किंवा आयोजकांची मोटार बंदिस्त सर्किटवर चालवण्याचा हा दिवस असतो. क्रमांक, चषक नसतो. त्यामुळे शर्यतीइतके कडक नियम सहसा लागू नसतात; आयोजकागणिक ते बदलतात. बंद छताच्या मोटारीसाठी साधारणपणे पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण लांबीची पँट, बंद बूट आणि हेल्मेट एवढी किमान अपेक्षा असते.

सुती कपड्यांचाच आग्रह कशासाठी?

खेळाचे कपडे म्हणून मिळणारे जर्सी आणि ट्रॅक पँट बहुतांशी पॉलिस्टरचे असतात. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. जखम खोल जाते, उपचारही अवघड होतात. सुती कापड आगीपासून वाचवत नाही, तेही पेटते. पण ते वितळून चिकटत नाही. वेल्डिंगच्या कामावर टेरिकॉटचा शर्ट नको म्हणतात, त्यामागेही हेच कारण. आतले कपडे आणि मोजेही सुतीच हवेत. पूर्ण बाह्यांचा आणखी एक फायदा म्हणजे काच फुटली तर हात सोलवटत नाहीत.

कंपनीतले सेफ्टी शूज का नकोत?

यंत्राशेजारी पायावर वजन पडण्याचा धोका असतो, म्हणून पोलादी टोपीचे, जाड तळव्याचे बूट लागतात. मोटारीत गरज नेमकी उलटी असते. जाड तळव्यातून ब्रेकवर किती दाब पडतो आहे ते पायाला कळत नाही आणि रुंद बुटाखाली ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले जाऊ शकतात. पातळ, सपाट रबरी तळव्याचा, पायाला घट्ट बसणारा बूट योग्य. नाडीची टोके आत खोचावीत. सँडल, चप्पल अजिबात नको. तीच गोष्ट हातमोज्यांची. कारखान्यातले विणलेले सुती हातमोजे स्टीअरिंगवर घसरतात. त्यापेक्षा मोकळे, कोरडे हात बरे.

दुचाकीचे हेल्मेट चालते का?

प्राथमिक स्तरावरच्या काही ट्रॅक डेला चालते, शर्यतीत नाही. दोन्ही हेल्मेटची परीक्षाच वेगळी आहे. अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन दुचाकीच्या हेल्मेटला ‘एम’, तर मोटार शर्यतीच्या हेल्मेटला ‘एसए’ मानांकन देते. ‘एसए’ प्रकारात आतले अस्तर आगीला दाद न देणारे असावे लागते आणि मोटारीतील संरक्षक पोलादी सांगाड्यावर डोके पुन्हा पुन्हा आदळल्यास हेल्मेट टिकते का, हेही तपासले जाते. आपल्याकडील आयएसआय शिक्का दुचाकीस्वारांसाठी आहे. हेल्मेट कोणतेही असो, ते पूर्ण चेहरा झाकणारे आणि डोके हलवल्यावर न सरकणारे हवे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी बाद समजावे. आतला थर्माकोलसारखा थर दबला की तो पुन्हा धक्का झेलत नाही.

रेसिंग सूट केव्हा लागतो?

शर्यतीत, उघड्या चाकांच्या मोटारीत आणि आयोजकांनी सांगितल्यास. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगसारख्या महाविद्यालयांचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी मोटार बांधतात. त्यांच्या चालकाला सूट, डोक्यावरचा अग्निरोधक बुरखा, हातमोजे आणि बूट हे सारे बंधनकारक असते. असे सूट नोमेक्ससारख्या धाग्याचे असतात. तो वितळत नाही, कोळपतो. मात्र सूट म्हणजे चिलखत नव्हे. तो बाहेर पडण्यापुरते काही सेकंद देतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या शर्यतीत रोमां ग्रोजांची मोटार कठड्यावर आदळून पेटली. सुमारे २७ सेकंद आगीत राहूनही तो बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. नोमेक्सच्या आत पॉलिस्टरचा बनियन घातला, तर मात्र या सेकंदांचा उपयोग उणावतो.

आधी काय घ्यावे, काय काढून ठेवावे?

खर्च करायचाच तर पहिला हेल्मेटवर, मग बुटांवर; सुटाचा विचार शर्यतीत उतरायचे ठरल्यावर. कपाटातला जुना सुती शर्ट आणि जीन्स पहिल्या दिवसाला पुरते. मोटारीत बसण्यापूर्वी गळ्यातली साखळी, अंगठी, ओढणी आणि कंपनीच्या ओळखपत्राची फीत काढावी. खिशातला मोबाइल आणि किल्ल्याही. लांब केस बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत. गो-कार्टसारख्या उघड्या वाहनात तर याला पर्याय नाही. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे गो-कार्टमध्ये केस अडकून एका महिलेचा मृत्यू झाला होता. आयोजकांची नियमावली पैसे भरण्यापूर्वीच वाचावी. हजार किलोमीटर प्रवास करून गेल्यावर हेल्मेट तपासणीत बाद ठरले, तर दिवसभर कठड्याबाहेर उभे राहून इतरांच्या मोटारी पाहाव्या लागतात.